गोदामाचं मागलं दार

चिरेखाणीवर मशीन आलं त्या साली भागोजीच्या हातचं काम गेलं. चाळीस वर्षं त्यानं जांभा दगड कापला होता. अलोऱ्याच्या वसाहतीतल्या भिंतींत त्याचे चिरे होते, चिपळुणातल्या दोन शाळांत होते, गुहागरच्या वाड्यांतल्या कितीतरी विहिरींत होते. भागोजी पंधरवड्यात जेवढे चिरे काढायचा तेवढे मशीन दिवसाला कापून टाकायचं. खाणीच्या मालकानं त्याला सांगितलं, हवं तर मशीनमागं चिरे गोळा करायला राहा. भागोजीनं टिकाव खांद्यावर टाकला आणि घरी आला.

"उद्यापासनं काय?" त्याच्या बायकोनं, जनीनं विचारलं.

"आपल्या सड्यावर खनतंय."

जनीला वाटलं, रागात बोलतोय. तिनं पेज वाढली. पण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो खरंच सड्यावर गेला.

निवेखोल गावाच्या वरच्या अंगाला त्यांचा दोन एकर सडा होता. सगळा काळा कातळ. पावसाळ्यात त्यावर ढोरांपुरतं गवत यायचं आणि खोलगट भागात थोडी नाचणी. एवढी वर्षं त्या जागेकडं कुणी पाहिलं नव्हतं. मग खाली रेल्वे आली, सड्याच्या उतरणीखाली दहा मिनिटांवर स्टेशन झालं, आणि वरच्या अंगाला हायवेकडं जाणारा रस्ता डांबरी झाला. त्यांचा मुलगा स्वरूप भिवंडीला गोदामात कामाला होता. गणपतीत आला तेव्हा सड्यावर उभा राहून तो सहज बोलून गेला होता, "बाबा, खाली रेल्वे, वर हायवे. असल्या जागेवर भिवंडीत शेठ लोक गोदाम बांधतात आणि कंपनीला भाड्यानं देतात."

तो बोलला आणि विसरला. भागोजी विसरला नव्हता.

दोन वर्षं गेली त्यात. भागोजी चिरा काढायचा आणि जनी नि सून दीपाली डोक्यावरून वाहायच्या. भाताच्या दिवसांत काम थांबायचं, कापणी झाली की परत सुरू. पत्र्यांसाठी बैलजोडी गेली. बैल नेले त्या दिवशी जनी गोठ्यात गेली नाही. जोतं ट्रकच्या हौद्याइतकं उंच हवं, म्हणजे गोणी सरळ आत घेता येतात, असं स्वरूपनं पत्रातून कळवलं, तसं जोतं बांधलं. दोन हजार तीनच्या जानेवारीत शटर बसलं. आठ दिवस वाडीतली माणसं ते नुसतं वर-खाली करून बघायला येत होती.

गोदाम बघायला पहिला माणूस देवदत्त घेऊन आला. देवदत्तची गावात आंब्याची बाग होती. वय पस्तिशीचं. अंजनवेलच्या प्रकल्पावर त्याचे तीन ट्रक चालायचे. तिथलं काम थांबल्यापासून ट्रक कलमांखाली उभे होते आणि तो जागांचे व्यवहार करायला लागला होता. त्याच्याबरोबर आलेला मुकुल हा खताच्या कंपनीचा साहेब, पुण्याकडचा, वयानं पोरगेलाच.

मुकुलनं टेपनं लांबी-रुंदी घेतली. फरशीवर टाच आपटून पाहिली. कोपऱ्यात वाकून हात लावला, नाकाशी नेला. मग म्हणाला, "शटर ओढा, मी आत थांबतो." शटर बंद झालं. थोड्या वेळानं आतून त्यानं थाप मारली. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर घाम होता, पण तो खूश होता.

"कुठूनही उजेड येत नाही. म्हणजे पाणी यायचं नाही. खताला ओल चालत नाही, मावशी. भिंत कुणी बांधली?"

"ह्यानी," जनी भागोजीकडं हनुवटी करत म्हणाली.

देवदत्तनं पिशवीतून कागद काढले. "भागोजी, अरे, मी सगळं तयारच करून आणलंय. तू मला दे, मी कंपनीला देतो. कंपनीशी बोलणं, कागदपत्रं, हे तुझ्यानं व्हायचं नाही. इथे अंगठा दे."

भागोजी कागदाकडं पाहत राहिला. जनीनं तो घेतला आणि दीपालीकडं दिला. दीपाली दहावीपर्यंत शिकलेली. ती जोत्याच्या कडेला बसली आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागली. देवदत्त दोनदा म्हणाला, "ते सगळं तसंच असतं गो." ती थांबली नाही. तिसऱ्या पानावर तिचं बोट अडलं.

"आत्या, नव्व्यान्नव वर्सं लिवलंय."

"कसली?"

"गोदाम नि सगळा सडा. देवदत्तभाऊंच्या ताब्यात. नव्व्यान्नव वर्सं."

 मुकुल टेप गुंडाळत दुसरीकडं बघायला लागला. त्याला हे ठाऊक नव्हतं, असं त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून कळत होतं.

"नव्व्यान्नव वर्सानी आमच्यातला कोन असंल हितं?" जनी म्हणाली. "तीन वर्सं देताव. कंपनीच्या नावानं. मदी कोन नाय."

देवदत्त हसला. रागावला नव्हता. लहान पोराला सांगावं तसं म्हणाला, "जने, गोदाम तुझं खरं. पण ट्रक आणशील कुठून? डांबरीला लागून जी तीस फुटांची पट्टी आहे, ती कोणाची?"

पट्टी त्याची होती. पण गाडीवाट तिथूनच होती. भागोजीच्या बापानं तिथूनच गाडी हाकली होती, आणि दोन वर्षं पत्रे, सिमेंट, खडी, सगळं तिथूनच आलं होतं. चार दिवसांनी त्या पट्टीवर सिमेंटचे खांब उभे राहिले आणि काटेरी तार लागली.

गाडीवाटेसाठी तालुक्याला अर्ज केला. कारकून म्हणाला, पाहणी पावसाळ्यानंतर. मुकुल मोटारसायकलवरून एकदा येऊन गेला. तो म्हणाला, "मावशी, मला तुमची जागा पसंत आहे. देवदत्तांच्या मधल्या करारात मलाही रस नाही. पण वीस मेला खताची पहिली गाडी लागणार. ट्रक दाराशी आला तर करार, नाही आला तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

भागोजी कुणालाही न सांगता देवदत्तच्या घरी गेला. दुपारची वेळ. घरातली माणसं जेवायला बसली होती. भागोजीनं वहाणा अंगणातल्या खळ्याच्या कडेला काढल्या आणि चिऱ्यांच्या तापलेल्या फरसबंदीवर उभा राहिला. आतून ताटांचा आवाज येत होता. कुणीतरी डोकावून गेलं. पडवीत या, असं कुणी म्हणालं नाही. जेवण झालं, सुपारी कातरून झाली, तेव्हा देवदत्त बाहेर आला.

"अंगठा दे, भागोजी. तार आजच्या आज काढतो. तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही रे. माझेही तीन ट्रक उभेच आहेत."

"बगतो," एवढं म्हणून भागोजी परतला.

संध्याकाळी तो पाय धुवायला बसला तेव्हा जनीनं त्याचे तळवे पाहिले. टाचेपासून बोटांपर्यंत फोड आले होते. चाळीस वर्षं खाणीत उन्हात राबलेला माणूस. त्याच्या तळव्यांना फोड यायला किती वेळ उभं राहावं लागलं असेल, ते तिच्या ध्यानात आलं.

"कुटं गेल्ता?"

तो पायांवर पाणी ओतत राहिला.

"त्यानी बसा म्हटला नाय?"

"नाय."

जनीनं खोबरेल आणलं आणि त्याच्या पायांना लावलं. लावता लावता म्हणाली, "आता त्या खल्यात परत जायाचं नाय. आपुन काय मागायला नाय गेलाव कुनाच्या दारात आजपावतर. मागल्या अंगानं रस्ता काडू."

"उतरनीवर? सगळा कातळ हाय तो."

"मंग तुमी काय मातीत काम केलाव जनमभर?"

भागोजीनं तिच्याकडं पाहिलं. फोडांनी पाय ठणकत होते तरी त्याला हसू आलं.

गोदामाच्या मागं सडा उतरत उतरत गावच्या पाणंदीपर्यंत जायचा, आणि पाणंद स्टेशनच्या रस्त्याला मिळायची. उतरण सगळी त्यांचीच होती. तिथून आजवर माणसं नि शेळ्या तेवढ्या चढल्या होत्या. भागोजीनं दुसऱ्या दिवशी चुन्याची रेघ मारली. मध्ये एक वळण घेतलं, म्हणजे चढ थोडा कमी होईल.

शिमग्याला स्वरूप आला. पालखी नाचवून घामाघूम होऊन तो घरी आला आणि जेवताना त्यानं विषय काढला.

"आये, देवदत्त मला भिवंडीला फोन करतो. सडा विकत घ्यायला पण तयार आहे तो. देऊन टाका ना. दिव्याला मी रूम बघून ठेवलीय. लग्नाला तीन वर्षं झाली. दीपालीला मी न्यायची कधी?"

"गोदाम तूच सांगितलंस," भागोजी म्हणाला.

"मी आपलं बोललो होतो, बाबा. तुम्ही बांधाल असं थोडंच वाटलं होतं. त्यांच्याशी भांडून गावात राहणार कसे? आणि तो कातळ फोडणार कोण? तुमचं वय बघा."

भागोजी खाली मान घालून भात कालवत राहिला. परक्या माणसानं म्हटलं असतं तर त्यानं ऐकून घेतलं नसतं.

दीपाली चुलीपाशी होती. तिची बॅग माळ्यावर भरून तयार होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती म्हणाली, "रस्ता झाल्याबिगार मी येत नाय."

"तू खणणार आहेस काय रस्ता?"

"जोत्याची उंची तुमी पत्रातनं कळवलात. तेवडं जोतं मी डोक्यावरनं वाहून आनलंय. माझी मान अजून दुकते. आता ते इकून दिव्याला जाऊन काय बसू?"

स्वरूपनं ताट सरकवलं. दोन दिवस तो घरात कुणाशी नीट बोलला नाही. जाताना दीपाली त्याला स्टेशनपर्यंत पोचवायला गेली आणि गाडी सुटल्यावर त्याच वाटेनं परत आली. आल्या आल्या तिनं घमेलं उचललं.

भागोजी पुढं कापत जायचा. काढलेला चांगला चिरा बाजूला, तुकडे वळणाच्या भरावाला. पहाटे सुरू करायचं ते उन्हानं कातळ तापेपर्यंत, मग उन्हं कलल्यावर पुन्हा. एप्रिलच्या मध्यावर वळणापाशी एक मोठा धोंडा खालून मोकळा झाला आणि सरकला. भागोजी मागं झाला, पण डावा पाय राहिला. घोट्याचा आवाज जनीनं वीस पावलांवरून ऐकला. चिपळूणला नेऊन प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पाय टेकायचा नाही.

परत आल्यावर भागोजी भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जनीनं पदर खोचला, त्याचा टिकाव घेतला आणि उतरणीवर गेली.

तिनं कधी टिकाव मारला नव्हता. तो उचलणं बायकांचं काम नव्हे असं कुणी म्हटलं नव्हतं, पण तसं होतं खरं. पहिल्याच घावाला टिकाव कातळावरून उसळला आणि झटका खांद्यापर्यंत गेला. दुसरा तसाच. तासाभरात तिच्या तळहाताची साल निघाली आणि कातळावर ओंजळभर भुगा पडला. दीपाली तो भुगा घमेल्यात भरत होती आणि सासूकडं बघायचं टाळत होती.

"तितं मारू नुको."

दोघींनी वळून पाहिलं. भागोजी काठीवर रेलून, एका पायावर उड्या मारत सड्यावर आला होता. तो काजूच्या सावलीत बसला, प्लास्टरचा पाय धोंड्यावर ठेवला.

"कातळाला अंग असतं. पयला वाजवून बग. घट वाजला तर सोड. पोकळ वाजंल तितं चर धर. जोर लावू नुको, टिकावाचं वजन पडू दे नुसतं."

जनीनं वाजवून पाहिलं. चार ठिकाणी तिला आवाज एकच वाटला. पाचव्या ठिकाणी वेगळा लागला. तिथं मारला आणि टिकाव दोन बोटं आत गेला.

"हां," भागोजी म्हणाला.  त्यानं काठीनं पुढची जागा दाखवली. "आता तसाच बाजूनी."

तिसऱ्या दिवशी शेजारची सगुणा आली. सगुणाचा नवरा मुंबईला, दोन वर्षं त्याचा पत्ता नव्हता. ती उतरणीच्या तोंडाशी उभी राहून बराच वेळ बघत होती.

"जनेवयनी, ह्या रस्त्यानं ट्रक येतील तर गोनी कोन उतरवनार?"

"अजून ठरला नाय."

"मी नि गंगुबाय स्टेशनात गेल्लाव, हमालीचं काम मागायला. ठेकेदाराचा मानूस बोल्ला, बायांचं काम नाय ह्ये, घरला जाऊन शेनी थापा. सगळ्यांच्या समोर हसला. दर सुगीला बारा मन भात मी डोक्यावरनं वाहिते." सगुणानं पदर कमरेला घट्ट केला. "गोनी आमी उतरवायच्या. कागदात लिवून घेशील?"

"घेईन. नाय लिवला तर कागदच करनार नाय."

"शब्द?"

"शब्द."

सगुणा दुपारी पहार घेऊन आली. दुसऱ्या दिवशी गंगुबाई आली, यमुनाबाई आली. आठवडाभरात नऊ बायका झाल्या. लावणीला जशा एकमेकींच्या शेतात उतरतात तशा उतरल्या. पुरुष मुंबईला होते, गावात होते ते देवदत्तच्या बागेत आंबे उतरवत होते. त्यांतले काही येता-जाता चेष्टा करत. यमुनाबाई साठीची, दातांत मशेरी लावून तुकडे भरत बसायची. ती म्हणायची, "हसा. पावसात तुमी ह्याच वाटनं स्टेशनात जाल." बायकांच्या हातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. उन्हानं कातळ असा तापायचा की घमेल्याची कडा धरवत नसे. पाण्याचा हंडा खालून आणायला दोघींची पाळी असायची. भागोजी काजूखालून आवाजावरून सांगायचा कोण चुकीच्या जागी मारतंय.

मेच्या पंधरा तारखेला रस्ता पाणंदीला जाऊन भिडला. मग गोदामाची मागली भिंत फोडायची वेळ आली. ती भागोजीनं कुणाला फोडू दिली नाही. खुर्चीवर बसून त्यानं स्वतः वरून एकेक चिरा सैल केला, बायकांनी तो उतरवून घेतला. आपणच रचलेली भिंत. प्रत्येक चिऱ्यावर हात फिरवून तो खाली द्यायचा. शटर पुढून काढून मागं बसवलं आणि मागचे चिरे पुढच्या दारात रचून ते दार बुजवून टाकलं. आता देवदत्तच्या तारेकडून बघणाऱ्याला गोदामाची नुसती भिंत दिसत होती.

वीस तारखेला सकाळी दहाला ट्रक आला. दोनशे गोणी, दहा टन माल. मुकुल मोटारसायकलवर पुढं. ड्रायव्हर कऱ्हाडकडचा, पोट सुटलेला, कपाळावर रुमाल बांधलेला. त्यानं पाणंदीत गाडी थांबवली, उतरून चढ पायांनी चालून पाहिला आणि पुन्हा गाडीत बसला.

पहिल्या वेळी ट्रक वळणापर्यंत आला आणि बंद पडला. दुसऱ्या वेळी वळणात शिरला, मागची चाकं जागेवर फिरली, भुगा उडाला. तिसऱ्या वेळी क्लचप्लेट जळाल्याचा वास सगळीकडं पसरला. गाडी हळूहळू मागं घेत त्यानं पाणंदीत लावली.

"साहेब, माझ्यानं नाही व्हायचं. भरली गाडी उलटी घसरली तर खाली माणसं हायती."

मुकुलनं घाम पुसला. तेवढ्यात वरून हाक आली. देवदत्त उतरणीच्या माथ्यावर उभा होता. "साहेब, गाडी वरून घ्या. तार मी काढून ठेवलीय. पट्टीवरून सड्यावर आणि वळसा घालून दाराशी. सपाट आहे." मग जनीकडं वळून, "माझं म्हणणं तेच आहे. अंगठा देऊन टाक. हट्टापायी मुलाबाळांचं नुकसान."

बायका थांबल्या होत्या.  दोन महिने फोडलेला कातळ दीपालीच्या समोर होता आणि त्याच्या पायथ्याशी ट्रक.

"मावशी, काय करायचं?" मुकुल म्हणाला. "माझी गाडी आज रिकामी व्हायला हवी."

जनीनं चढाकडं पाहिलं, ट्रककडं पाहिलं. "गाडी रिकामी व्हायला पायजे ना?"

"हो."

"मंग ऱ्हाऊ दे ती हितंच." तिनं पदराची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. "सगुना, फळका पाड."

हौद्याचं फळकूट खाली पडलं. सगुणा आणि गंगुबाई वर चढल्या. दोघींनी गोणी कडेला ओढली, जनीनं डोकं खाली घातलं. पन्नास किलोची गोणी. मान आत गेल्यासारखी झाली. ती चालायला लागली. वळणापर्यंत, वळणातून, वर. तिच्यामागं दीपाली. तिच्यामागं एकेक.

देवदत्त माथ्यावरच उभा होता. जनी त्याच्या शेजारून गेली तेव्हा त्याला बाजूला व्हावं लागलं.

उन्हं डोक्यावर आली. गोणीतलं खत घामात मिसळून मानेला चुरचुरत होतं. यमुनाबाईला गोणी झेपत नव्हती, ती पाणी पाजत होती.  मुकुल पहिल्यांदा सावलीत उभा होता. नंतर त्यानं बूट काढले, बाह्या सारल्या आणि गोण्या कडेला ओढायला हौद्यात चढला. ड्रायव्हर विडी ओढत बांधावर बसला होता. चार विड्या झाल्या. निम्मा हौदा मोकळा झाला तेव्हा तो उठला.

"थांबा ओ बायांनो. माल हलका झालाय. आता एकदा बघू द्या मला."

भागोजी काठीवर वळणापाशी आला. "डावं चाक कापलेल्या भिंतीला धरून घे. तितला कातळ घट हाय, मी वाजवलेला. उजवीकडं भराव हाय, तिकडं जाऊ नुको."

"तुम्ही कापलाय?"

"निम्मा. निम्मा हिनी."

ड्रायव्हरनं बायकांकडं पाहिलं आणि केबिनमध्ये चढला. सगुणा आणि दीपाली एकेक चिरा घेऊन मागच्या चाकांबरोबर चालू लागल्या, गाडी थांबली तर चाकाला लावायला. ट्रक वळणात आला. कण्हला. चाकं एकदा घसरली, दीपालीनं चिरा टाकला, चाक त्यावर टेकलं आणि धरलं. भागोजी ओरडत होता, "डावीकडं, डावीकडं." मग पुढची चाकं वळणाच्या वर निघाली, मागची निघाली, आणि ट्रक सड्यावर येऊन गोदामाच्या मागल्या दारासमोर उभा राहिला. हौदा आणि जोतं एका पातळीत.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बायका जिथं होत्या तिथं खाली बसल्या. यमुनाबाई हंडा घेऊन फिरली. ड्रायव्हरनं पहिला तांब्या भागोजीकडं दिला.

उरलेल्या गोण्या अर्ध्या तासात आत गेल्या. मग मुकुलनं करार काढला. दीपालीनं तो जोत्यावर बसून वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्यानं. तीन वर्षं होती. कंपनीचं नाव आणि भागोजी-जनीचं नाव होतं, मध्ये कुणी नव्हतं. पण अकराव्या कलमात लिहिलं होतं की चढ-उताराचं काम कंपनीच्या ठेकेदारामार्फत होईल.

"ह्ये काडा," जनी म्हणाली.

"मावशी, ते सगळ्या करारांत असतं. मला बदलायचा अधिकार नाही."

"ज्याला हाय त्याला इचारा. गोनी आत हायत, त्याना काय व्हनार नाय. पन कागद तवर हितंच ऱ्हाईल नि चावी माज्याकडं."

 मुकुल मोटारसायकल काढून फोन करायला स्टेशनात गेला. तासभर लागला. तेवढ्या वेळात सगुणानं एकदाही जनीकडं पाहिलं नाही. ती मान चोळत कातळाकडं बघत बसली होती.

मुकुल परतला. "साहेबांनी विचारलं, गाडी वेळेत रिकामी झाली का. मी म्हटलं, झाली. म्हणाले, मग त्यांनाच देऊन टाक, ठेकेदाराच्याच दरानं." त्यानं अकरावं कलम खोडलं, बाजूला नवीन ओळ लिहिली, खाली सही केली. दीपालीनं ती ओळ दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा वाचताना तिनं बायकांची नावं एकेक घेतली. नऊच्या नऊ. भागोजीनं आणि जनीनं खाली अंगठे दिले.

देवदत्त अजून गेला नव्हता. तो जोत्यापाशी आला. खत भरलेल्या गोदामाकडं त्यानं एकदा पाहिलं.

"भागोजी, पावसात तुमचा चढ निसरडा होईल. तार राहू दे का काढून?"

आजवर 'तुझा' म्हणणाऱ्यानं 'तुमचा' म्हटलेलं भागोजीच्या लक्षात आलं. त्यानं प्लास्टरचा पाय जरा सरळ केला.

"नको, भाऊ. तार लावून घ्या. ढोरं शिरतील तुमच्या कलमांत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपाली वाण्याच्या दुकानातल्या फोनवरून भिवंडीला बोलली. मान इतकी धरली होती की रिसीव्हर खांद्याला लावता येईना, हातानं धरावा लागला. स्वरूपला देवदत्तकडून आधीच कळलं होतं.  त्यानं आधी विचारलं, बाबांचा पाय कसा आहे. मग विचारलं, ट्रक खरंच वर चढला का. आणि मग, खालच्या आवाजात, "तू कधी येतेस?"

"रूम धरून ठेवा तुमी. मी नाय म्हनत नाय," दीपाली म्हणाली. "पन पयलं तुमी या. आठ दिसांनी दुसरी गाडी यायची हाय, वळनापाशी चड आजून दोन हात खाली घ्यायचा हाय. शनवारच्या गाडीत बसा."

"एवढ्या सकाळी स्टेशनात उतरून रिक्षा मिळत नाही गं."

"रिक्षा कशाला? आपला रस्ता हाय ना," ती म्हणाली. "शंभर गोनी घेऊन ट्रक चडलाय. तुमी एकटं मानूस. चाला."